बूट सायकलवर, मी पायी

बार्शीच्या एसटी स्टँडवर माझा उजवा पाय मोडला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि पेपर तपासण्याच्या कामासाठी बार्शीला गेले होते. गाडी पुरती थांबली नव्हती. मागच्या कुणाच्या ट्रंकेचा धक्का लागला की मीच घाई केली, ते मला आजही सांगता येत नाही. पायरीवरून पाय सुटला, घोट्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आणि दुसऱ्या क्षणी मी फरशीवर बसले होते. जेवणाचा डबा उघडून शेंगाचटणी साडीवर सांडली होती. दुखण्याच्या आधी मला त्या लाल डागाची लाज वाटली.

दीड महिना प्लास्टर होतं. ते काढल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी घोट्याला आधार म्हणून वरपर्यंत येणारा, जाड तळाचा बूट लिहून दिला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तो ओळखीच्या कारागिराकडून दोन्ही पायांसाठी करवून घेतला. एकाच पायात बूट घालून मुलगी कशी दिसेल, ही त्यांची काळजी. घरात वापरायला आणखी एक जोड केला. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत कुणी चप्पल आणत नसे, पण मी बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत जायची आणि आई ते न पाहिल्यासारखं करायची. मीच देव्हाऱ्याकडे जायचं सोडलं.

चपला-बुटांच्या बाबतीत अप्पांचं मन वेगळंच होतं, ते सांगायला हवं. त्यांचं गाव अक्कलकोटच्याही पलीकडे, जिथे निम्मं बोलणं कानडीत आणि निम्मं मराठीत चालतं. चौदाव्या वर्षी भर वैशाखात ते तिथून सोलापूरपर्यंत अनवाणी चालत आले, एका भुसार दुकानात हमाली करायला. तळव्यांना फोड आले होते आणि पहिले चार दिवस ते पोत्यांवर बसून सरकत काम करत होते, असं आजी सांगायची. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. आम्हा भावंडांना ते कधी शिस्तीचे धडे देत नसत, पण कुणी अंगणात जरी अनवाणी गेलं तरी आतून आवाज यायचा, "चप्पली हाक्कोंड होगव्वा." चप्पल घालून जा गं बाई. दर रविवारी सगळ्या घराच्या चपला-बूट ते स्वतः पुसायचे. त्यांच्या लेखी ती लक्ष्मीच होती.

तर मी बूट घालत राहिले. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. हातात काठी आली. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक झाली. मी वर्गाकडे निघाले की बुटांची खाडखाड ऐकून मुली गप्प होत आणि दारातली एखादी धावत येऊन माझ्या हातातला नकाशा घेई. त्या फार चांगल्या मुली होत्या. पण तिशीच्या आत मला कुणी रस्ता करून द्यावा, हे मला रोज टोचायचं. घरी आल्यावर मी बूट काढून पाय पाहायची तेव्हा तो पांढरट, मऊ, पाण्यात फार वेळ राहिलेल्या कापडासारखा दिसायचा. तळव्याला बोट लावलं तर धड कळतही नसे.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणायला सकाळी शाळेत गेले. शाळेला टाळं होतं, फक्त शिपाई मावशी मैदानाकडेच्या झाडांना पाणी घालत होत्या. मावशी पन्नाशीच्या, उंच, काटक. सांगोल्याकडच्या. घरी मेंढरं होती. दुष्काळात ती गेली, मावशी वर्षभर खडी फोडायच्या कामावर होत्या, मग सोलापूरला येऊन शाळेत लागल्या. शाळेनं दिलेल्या चपला त्या घंटेच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवायच्या आणि साहेब लोक तपासणीला आले की तेवढ्यापुरत्या घालायच्या.

मी मैदानाच्या कडेला बसले होते. बूट चावत होता म्हणून काढून ठेवला होता. मावशी कळशी खाली ठेवून माझ्या पायाकडे बघत राहिल्या.

"बाई, राग न्हाय ना येणार?"

"बोला की."

"ह्यो पाय आजारी न्हाय. ह्यो झोपलाय."

त्या खाली बसल्या, माझी टाच हातात घेतली आणि अंगठ्यानं तळवा दाबत गेल्या. त्यांचा अंगठा सुपारीसारखा कडक होता.

"मेंढीचा पाय मोडला की आमी फळ्या बांदतो," त्या म्हणाल्या. "पर हाड धरलं की फळ्या सोडतो. न्हाय सोडल्या तर मेंढी चालायचंच इसरती. तुमच्या फळ्या कुणी सोडल्याच न्हाईत."

"डॉक्टरांनी सांगितलंय बूट घालायला."

"कवा सांगितलंय?"

"दीड वर्षापूर्वी."

मावशी उठल्या, माझा हात धरला आणि मला मैदानाच्या कोपऱ्यातल्या लांब उडीच्या खड्ड्याकडे घेऊन गेल्या. आदल्या महिन्यातच त्यात सीना नदीची नवीन वाळू टाकली होती. रात्रीच्या दवानं ती ओलसर आणि गार होती.

"हितं उबं ऱ्हावा. हितं पडलं तरी लागत न्हाय."

मी काठी बाहेर ठेवली आणि वाळूत उभी राहिले. पहिल्यांदा कळली ती भीती. वाळू पायाखालून सरकली आणि घोटा थरथरला. मी मावशींचा दंड घट्ट पकडला. मग हळूहळू बोटांच्या मधून वाळू वर आली आणि गारवा तळव्याला लागला. दीड वर्षात त्या पायाला गार किंवा गरम काही लागलंच नव्हतं. मी खड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. अकरा पावलं. परत आले. घामानं निथळत होते आणि हसत होते. मावशी म्हणाल्या, "बास. आजच्याला येवडंच. हावरटपणा करायचा न्हाय."

सुट्टीचे उरलेले सगळे दिवस मी सकाळी शाळेत जात होते. घरी सांगितलं, पेपर तपासायचे आहेत. ते खोटं नव्हतं. पेपर मी पिंपळाच्या पारावर बसून तपासायची, पण आधी अर्धा तास वाळूत. मावशी झाडांना पाणी घालता घालता लक्ष ठेवायच्या. "टाच आपटू नका. पाय टाकायच्या आदी भुई बगा, मग वजन टाका." "बोटं पसरा की, मुठीवानी आवळू नका." आठ दिवसांनी त्यांनी मला खड्ड्याबाहेर काढून हरळीवर चालवलं. आणखी काही दिवसांनी शाळेमागच्या काळ्या मातीच्या पट्टीवर. काळी माती वाळूसारखी सरकत नाही, ती पाय धरते. मुरुमावर मात्र पहिल्या दिवशी मी चारच पावलं टाकली आणि रडकुंडीला आले.

एका सकाळी सराटा रुतला. मी "आई गं" म्हणून खाली बसले, काटा काढला आणि रक्ताचा लहानसा थेंब आला. मावशी धावत आल्या तर मी त्या थेंबाकडे पाहत बसले होते. "मावशी, कळलं मला," मी म्हणाले. "बरोबर कुठे बोचलं ते कळलं." त्यांनी हळद आणून दाबली. त्या दिवशी काठी मी पारावर विसरून घरी निघाले आणि फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही तर जन्मभर अशाच चालता. म्हणूनच तुमचे पाय इतके चांगले राहिले असतील, नाही?"

त्यांनी पाऊल उलटं करून मला दाखवलं. टाचेला खोल भेगा होत्या, एका भेगेत डांबर बसलं होतं. "हे चांगलं हाय व्हय? आमी काय हौसेनं हिंडतो का अनवाणी? खडीवर उनाचं उबं ऱ्हायलोय आमी. तवा चप्पल असती तर मी डोक्यावर घिऊन नाचले असते."

"मग आता चपला आहेत तर घालत का नाही?"

"आता पायाला सवं न्हाय. तुमचा पाय चपलीतनं बाहेर यायचा हाय, माजा आत जायचा हाय. दोगींनी शिकायचं."

मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या खोलीतून त्यांच्या चपला आणल्या. पट्टा अंगठ्यापाशी कापत होता, तिथे मऊ फडकं शिवून दिलं. ऊन वर आलं की मी बूट घालायची आणि त्या चपला घालायच्या, असा आमचा करार झाला. त्या पहिले काही दिवस बदकासारख्या चालायच्या आणि मी त्यांना सांगायची, "मावशी, टाच आपटू नका."

ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. सुट्टी संपायला दोन दिवस असताना अप्पांच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना सांगितलं की तुमची लेक शाळेच्या मैदानात अनवाणी फिरते. अप्पा दुकान तसंच टाकून सायकलवरून शाळेत आले. मी काळ्या मातीत होते, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पाय मातीनं माखलेले. ते फाटकात थांबले. मी त्यांना रागावलेलं क्वचितच पाहिलं होतं, आणि तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते घाबरले होते.

"साकव्वा, साकु," ते म्हणाले. पुरे बाई, पुरे. लाड आला की ते मुलीलाही अव्वाच, म्हणजे आईच, म्हणत. "बूट कुठं आहेत तुझे? मी असताना माझी मुलगी अनवाणी? लोक काय, मी स्वतःला काय सांगू?"

"अप्पा, मी काठीशिवाय चालतेय. बघा तरी."

"पुन्हा मोडला तर?"

मी चालून दाखवलं. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लंगडत होते, पण काठी नव्हती. अप्पांनी मावशींकडे पाहिलं.

अप्पांचं अनवाणी येणं मी मावशींना सांगितलं होतं. त्यांनी पदर सारखा केला. "अप्पा, तुमी अनवाणी चाललात ते नाइलाजानं. मी बी तशीच. ही चालतीया ती बरं व्हायला. दोनी येक न्हाय. आन माज्यावर इस्वास नसंल तर डागदरला इचारा. मी अडानी बाई, पर डागदर तर न्हाय ना अडानी?"

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी जुने कागद काढले, पाय सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला, नवा फोटो काढायला लावला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हाड केव्हाच जुळलंय. हा बूट मी चार महिन्यांसाठी लिहिला होता. तुम्ही परत दाखवायला आलाच नाहीत?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते.

"बरं चाललं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटलं, आलो तर तुम्ही ऑपरेशन काढाल. असू दे बूट. बूट आहे तोवर पडणार तरी नाही ती."

मला राग आला नाही, कारण तेच मलाही वाटत होतं. दीड वर्ष आम्ही दोघं एकाच भीतीला धरून बसलो होतो आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "स्नायू निजलेत, ते उठवायचे. वाळू, गवत, मऊ माती चांगली. डांबर नको, तापलेली जमीन तर नकोच. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि रोज रात्री तळवे तपासा. सुजला तर थांबायचं आणि माझ्याकडे यायचं. कुणी शिकवलं हे चालणं?"

"आमच्या शाळेच्या मावशींनी."

"त्यांना सांगा, बरोबर शिकवलंय."

हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शिकलेला माणूस दिसतोय."

त्या हिवाळ्यात मी चालणं वाढवलं. शाळा भरायच्या आधी किल्ल्याच्या बागेतल्या हिरवळीवर, रविवारी तळ्याच्या कडेनं. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला घरून निघायची, बागेत पोहोचले की बूट पिशवीत. हिरवळीवर दव इतकं असायचं की साडीचा काठ भिजून जड व्हायचा. बागेत येणारे लोक बघायचे. "काय बाई, नवस बोललाय का?" हा प्रश्न रोजचा. आधी मी समजावून सांगायची, मग "व्हय" म्हणायला लागले, ते सोपं पडायचं. फाल्गुनात घरातल्या घरात घालायचा बूट माळ्यावर गेला. उन्हाळ्यात पोटऱ्या जवळजवळ सारख्या झाल्या. शाळा सुरू झाली तेव्हा मी साध्या चपला घालून वर्गात गेले. पावलांचा आवाज न आल्यामुळे मुली बेसावध होत्या आणि अर्धा वर्ग बाकांवर उभा होता. इतक्या आनंदानं मी कधी कुणाला रागावले नव्हते.

श्रावण लागायच्या सुमाराला माझ्या मनात आलं की अडुसष्ट लिंगं करावीत. शहराभोवती आणि शहरात विखुरलेल्या या लिंगांची प्रदक्षिणा आमच्याकडे पुष्कळ लोक श्रावणात करतात. पहाटे निघालं की दुपार उलटते. कुठलं लिंग देवळात, कुठलं कुणाच्या परसात, कुठलं शेताच्या बांधाला. पाय मोडण्याआधी मी एकदा चपला घालून अर्धी केली होती आणि कंटाळून परत आले होते. आता मला सगळी करायची होती, आणि अनवाणी. देवाला मी काही मागितलं नव्हतं. पाय खरंच आपला झाला का, एवढंच बघायचं होतं.

आई म्हणाली, "जा." मावशी म्हणाल्या, "मी येते, पर उपाशी न्हाय हां. येवडं चालायचं तर पोटात कायतरी पायजे." श्रावणी सोमवारी पहाटे मी अंगणात आले तर अप्पा सायकल घेऊन उभे होते. धुतलेलं धोतर, कोट, टोपी, पायात काळे पंपशू. आणि सायकलच्या हँडलला, नाड्यांची गाठ मारून, माझे बूट लटकत होते.

"मी मागं मागं येतो," ते म्हणाले. "बूट लागले तर असावेत."

तळ्यातल्या देवळापासून आम्ही निघालो. आभाळ भरलेलं, ऊन नव्हतं, अधूनमधून भुरभुर. मी आणि मावशी पुढे, मागे अप्पांच्या सायकलची कुरकुर. रस्त्यात भेटणारे थांबून विचारायचे, "हे बूट कुणाचे हो?" आणि अप्पा न कंटाळता सांगायचे, "मुलीचे. ती चालतेय पुढं." विसाव्या लिंगापाशी मी ऐकलं, त्या उत्तरात आणखी भर पडली होती. "घोटा मोडला होता तिचा. डॉक्टर म्हणतात, हाड केव्हाच जुळलंय." पंचविसाव्या लिंगानंतर ते न विचारताच सांगायला लागले.

गावाबाहेरच्या टप्प्यात वाट बाभळींमधून जात होती. तिथे सायकल फुस्स झाली. टायरमधून बोटभर लांब काटा निघाला. पंक्चरचं दुकान जवळपास कुठेच नव्हतं. अप्पा खाली उतरून सायकल ढकलत चालू लागले. मी आणि मावशी वाट बघून पाय टाकत होतो, आम्हाला काही झालं नाही. मावशी मला हळूच म्हणाल्या, "सायकलला भुई बगायला येत न्हाय."

अप्पांची पंचाईत वेगळीच होती. प्रत्येक लिंगापाशी पंपशू काढायचे, दर्शन घ्यायचं, परत घालायचे. पाय ओले, मोजे नाहीत, बूट चिकटायचे. काढ-घाल, काढ-घाल. आम्ही पुढच्या वळणावर पोहोचायचो तरी ते एका पायावर उड्या मारत टाच आत सारत असायचे. चाळिसाव्या लिंगाच्या आसपास मी मागे वळून पाहिलं तर ते आमच्या अगदी जवळ होते. पंपशू सायकलच्या कॅरिअरला अडकवले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं होतं आणि ते ओल्या मातीतून, पांढरे, मऊ, शहरी झालेले पाय जपून टाकत येत होते.

ते म्हणाले, "गार आहे की माती." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "मी आलो तेव्हा तापलेली होती."

पन्नाशीच्या पुढे माझा घोटा दुखायला लागला. आधी थोडा, मग प्रत्येक पावलाला. एका शेताच्या बांधाला लिंगापाशी मी बसले ते उठवेना. अप्पांनी लगेच हँडलवरचे बूट सोडले आणि माझ्यासमोर धरले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ते घातलेही असते.

मावशींनी मधे हात घातला. माझा पाय मांडीवर घेऊन घोट्याभोवती बोटं फिरवली, दाबलं, दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलं. "सूज न्हाय. उब न्हाय. दमलाय नुसता." मग ओच्यातून भाजलेल्या शेंगा आणि गूळ काढला. "खावा. मग तुमीच ठरवा. फुडं जायचं का न्हाय, ते मी बी सांगणार न्हाय, अप्पा बी न्हाय."

आम्ही तिघांनी बांधावर बसून शेंगा खाल्ल्या. मी धरलेला निरंकार सोमवार मोडला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. पाय पसरून मी बोटं हलवली. दुखत होतं, पण हे दुखणं मला ओळखीचं होतं, दिवसभर राबलेल्या अंगाचं असतं तसलं. दीड वर्षाच्या बधिरपणात मी अशा दुखण्यासाठी काय दिलं नसतं. मी उठले. बूट अप्पांच्या हातातून घेतले आणि मीच ते पुन्हा हँडलला बांधले.

उरलेली लिंगं सावकाश केली. कुठे गल्लीतून, कुठे गिरणीच्या भिंतीमागून. शेवटच्या काही लिंगांना तर एका चादरवाल्याच्या मागावरची माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. अप्पांचं सांगणं आमच्या पुढे पोहोचलं होतं बहुतेक. दुपार उलटून गेल्यावर आम्ही पुन्हा तळ्यातल्या देवळाच्या पुलावर आलो. पायऱ्यांवर बसून तिघांनी पाय पाण्यात सोडले. मासे येऊन तळव्यांना टोचत होते. अप्पा अडुसष्टचा आकडा पुन्हा पुन्हा स्वतःशीच म्हणत होते, जणू तो त्यांनीच नुकता शोधून काढला होता. मावशींनी डोळे मिटले होते. मला इतकं हलकं वाटत होतं की तिथून उठून आणखी एक फेरी मारावी. ते मी बोलून दाखवलं तर मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "हावरटपणा करायचा न्हाय."

बूट मी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन दिले. कुणाच्या मापाला आले तर द्या म्हटलं, पण चार महिन्यांनी परत मागून घ्या. ते हसले आणि कपाटात ठेवून दिले.

पण त्याआधीची, प्रदक्षिणेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. तळवे ठणकत होते, तरी भोंग्याला जाग आली आणि मी सवयीनं बाहेर पडले. आमच्या बोळाच्या तोंडाशी तीन बायका उभ्या होत्या. एक समोरच्या घरची म्हातारी काकू, एक तिची सून आणि तिसरी कोपऱ्यावर राहणारी तेलुगू बाई, जी दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची आणि जिचे गुडघे बसून बसून आखडले होते. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं अनवाणी, पंक्चर सायकल ढकलत आलो ते त्यांनी ओट्यावरून पाहिलं होतं.

"किल्ल्यावर चालला का तुम्ही?" विड्यावाल्या बाईनं तिच्या वळणाच्या मराठीत विचारलं.

"हो."

"आम्ही पण येतो. माझा गुडघा सरळ होतो का बघू."

"लगेच होणार नाही. आणि आधी डॉक्टरांना दाखवायला हवं."

"दाखवतो ना. पण आज येऊ का?"

मी हो म्हणाले. त्या तिघी एकमेकींकडे पाहून थोड्या लाजल्या. मग म्हाताऱ्या काकूंनी चपलेतून एक पाय बाहेर काढत विचारलं, "काढायच्या कुठं? इथंच, की तिथं गेल्यावर?"

"तिथं गवतावर गेल्यावर," मी म्हणाले. "आणि टाच आपटायची नाही."